मुका डाव

स्वयंसेवी संस्था चालवायची असेल तर माणसं आवडून चालत नाही. ज्यांना माणसं आवडतात ते पहिल्या वर्षी हौसेने पद घेतात, दुसऱ्या वर्षी कुणीतरी त्यांचा अपमान करतं आणि तिसऱ्या वर्षापासून ते फोन उचलत नाहीत. मला माणसं पहिल्यापासूनच फारशी आवडत नाहीत, म्हणून करवीर हलके खेळ मंडळाची कार्यवाह म्हणून मी इतकी वर्षं टिकले.

हलके खेळ म्हणजे कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत किंवा दवाखान्यात नंबर लागेपर्यंत फोनवर खेळायचे खेळ. रंग जुळवा, फळं पाडा, शब्द शोधा. त्यात युद्धं नाहीत, राक्षस नाहीत. असे खेळ तयार करणारी तीसचाळीस माणसं कोल्हापुरात आहेत म्हटलं की पुण्यामुंबईच्या लोकांना खरं वाटत नाही. शाळेतून निवृत्त झालेले मुल्ला सर आकड्यांचे खेळ करतात. दातांची एक डॉक्टर आहे, ती दोन रुग्णांच्या मध्ये मांजरांचे खेळ करते. माझा धाकटा भाऊ धैर्यशील मंडळाचा अध्यक्ष आहे. मी, वैजयंता चौगुले, पॉलिटेक्निकमध्ये शिकवते, उरलेल्या वेळात शब्दांचे खेळ करते, आणि त्यातूनही उरलेल्या वेळात या सगळ्यांसाठी खुर्च्या मांडते. खुर्च्या मांडायला कुणी येत नाही. कमी पडल्या की सांगायला मात्र सगळे येतात.

आमची सभा मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या वरच्या मजल्यावर भरते. तालमीचे जुने वस्ताद पोरांची कुस्ती चालू असताना काठावरून अक्षर बोलत नसत. पोरगा पडला तर पडला, सांगायचं ते नंतर. मंडळ स्थापन झालं तेव्हा आम्ही ती रीत उचलली आणि तिला मुका डाव म्हणायला लागलो.

मुका डाव असा असतो. नवीन खेळ झाला की त्याला एक कैवारी आणि एक विरोधक मिळतो. कैवारी बहुधा तो खेळ करणाराच असतो. खेळणारा कोण हे विरोधक ठरवतो. खेळणाऱ्याला मधल्या टेबलाशी बसवायचं, फोन हातात द्यायचा, आणि मग हॉलमध्ये कुणी शब्द काढायचा नाही. खेळणारा त्याला वाटेल तेव्हा उठतो. लगेच उठला तर खेळ नापास, रमला तर पास. पण तो उठायच्या आधी कैवारी आणि विरोधक यांच्यातला जो बोलेल तो हरला. उठल्यावर पंच एकच प्रश्न विचारतो, "का उठलात?" त्याचं उत्तर ज्याचा खेळ आहे त्याने ऐकून घ्यायचं. वाद घालायचा नाही, खुलासा करायचा नाही, तोंड उघडायचं नाही. या शेवटच्या नियमापायी मोठमोठी माणसं मंडळ सोडून गेली.

प्रत्येक डावाचं आम्ही चित्रण करत आलो. एक कॅमेरा अंगठ्यावर, एक चेहऱ्यावर. खेळ कुठे फसला ते बघायला त्याचा उपयोग होतो. कितीतरी वर्षांच्या या चित्रफिती मंडळाच्या कपाटात साठल्या होत्या आणि त्यांचं कुणाला काही वाटत नव्हतं.

खेळणाऱ्यांमध्ये सगळ्यांना धाक होता तो माझ्या आईचा. तिचं नाव हौसाबाई, मंडळात तिला हौसाक्का म्हणतात. तिने जन्मभर पापडांचा घरउद्योग केला, आणि रिकामं बसणं म्हणजे पाप अशी तिची समजूत. मंडळातल्या भल्याभल्यांचे खेळ तिने चहा निवायच्या आत खाली ठेवलेत. "का उठलात हौसाक्का?" असं मुल्ला सरांनी विचारलं की ती म्हणायची, "बास की. त्येच त्येच." आणि समोर खेळ करणारा लाल तोंडाने गप्प बसलेला असायचा. मला ते बघायला फार आवडायचं.

धैर्याचा एक खेळ मात्र तिला चालायचा, कारण तो तिच्यावरूनच केलेला होता. खेळाचं नाव गच्ची. गच्चीवर पापड वाळत घातलेत, ऊन सरकतंय, तसे पापड सरकवायचे, उलटायचे आणि कावळे हाकलायचे. तोसुद्धा ती एका चहापुरताच खेळायची.

*

निनाद आपटे आमच्याकडे आला तो धैर्यामार्फत. पुण्यातल्या 'मुक्काम' नावाच्या कंपनीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, आणि समोरच्याच्या प्रत्येक वाक्यानंतर "अगदी बरोबर." मी त्याला म्हटलं, "तुम्ही बसा, मी चहा सांगून येतो." तो हसला. आमच्या कोल्हापुरात बायकाही मी येतो, मी जातो असंच बोलतात, आणि पुण्याच्या माणसाला त्याची मजा वाटते. तो तिथेच माझ्या डोक्यात गेला. पुढे जे झालं ते झालं नसतं तरी गेलाच होता.

त्याने जे सांगितलं ते मात्र मी कान देऊन ऐकलं, कारण ते खरं होतं आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

माणूस खेळ सोडतो तो ठरवून सोडत नाही. मनाला कळायच्या थोडं आधी ते शरीराला कळलेलं असतं. अंगठ्याचा काचेवरचा दाब किंचित कमी होतो. दोन स्पर्शांमधलं अंतर एकसारखं राहत नाही. हाताचे स्नायू पुढच्या कामाच्या तयारीला लागतात, त्यामुळे अंगठा बारीकसा थरथरतो. पापण्यांची उघडझाप बदलते. या सगळ्याला त्यांनी चाहूल असं नाव दिलं होतं. फोनच्या काचेला आणि पुढच्या कॅमेऱ्याला ही चाहूल टिपता येते. मुक्कामने तयार केलेल्या प्रणालीचं नाव होतं 'सोबत'. ती कुठल्याही खेळाच्या पोटात बसवता येत होती. चाहूल लागली की ती खेळात अगदी छोटासा बदल करायची. हातचा जाणारा पापड वाचायचा. कावळा घिरटी घालून परत जायचा. ढग सरकून ऊन यायचं. माणसाला कळायचंही नाही, फक्त त्याचं उठणं थोडं पुढे ढकललं जायचं. मग पुन्हा चाहूल, पुन्हा काहीतरी. कुणाला काय दिलं की तो बसतो हेही ती हळूहळू शिकायची. जुगारासारखं आमिष नाही, बक्षीस नाही, गाजावाजा नाही.

"पण अजून ती कच्ची आहे," आपटे म्हणाला. "आम्हाला खरं उठणं मिळतच नाही. प्रयोगशाळेत लोक मानधन घेतात, मग कंटाळले तरी बसून राहतात. घरी उठतात ते दूध उतू गेलं म्हणून की कंटाळा आला म्हणून, ते आम्हाला कळत नाही. तुमच्याकडे अंगठा आहे, चेहरा आहे, आणि उठण्याचं कारण माणसाच्याच तोंडून आहे. असं जगात कुठे नाही."

"कोल्हापूरचा माणूस कंटाळला की तोंडावर सांगतो," मुल्ला सर म्हणाले. कौतुक झाल्यामुळे ते खूश दिसत होते.

"अगदी बरोबर," आपटे म्हणाला.

चित्रफिती मुक्कामला द्यायच्या, आणि बदल्यात मंडळाच्या प्रत्येकाच्या खेळात सोबत फुकट बसणार, असा तो प्रस्ताव होता. हॉलमधले चेहरे मी बघितले. बड्या कंपन्यांनी आमचे खेळ तुडवत आणले होते. महिनोन्महिने खपून केलेला खेळ लोक एकदा उघडायचे आणि काढून टाकायचे. सगळ्यांना हवं होतं ते एवढंच, की कुणीतरी आपल्या खेळापाशी जरा वेळ बसावं. आता ते कुणीतरी ताटात वाढून आणलं होतं.

वार्षिक सभेत ठराव घ्यायचं ठरलं.

*

आमटी करपली त्या दिवशी मला उलगडा झाला.

मी पॉलिटेक्निकमधून घरी आले तर जिन्यातच वास आला. गॅसवर पातेलं काळं झालेलं, आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्चीत बसून फोनवर पापड सरकवत होती. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, पातेलं मोरीत आपटलं. तिने मान वर केली नाही.

"आई, आमटी करपली."

"व्हय," ती म्हणाली. "येवढं कावळं जाऊ देत."

जन्मभर हिने मला एका जागी बसले म्हणून बोलणी दिली. तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नात जेवणाच्या पंगतीतून उठून ती भांडी आवरायला गेली होती. ती बाई करपलेल्या वासात बसून होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंदही नव्हता. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी कोण हे तिला आठवावं लागतंय.

धैर्या दोन गल्ल्या सोडून राहतो. मी तशीच त्याच्या घरी गेले.

"गच्चीत सोबत बसवलीयस तू," मी दारातूनच म्हटलं. "सभेनं हो म्हणायच्या आधीच."

त्याने नाही म्हटलं नाही. "चाचणीसाठी दिलीय आपटेनं. आत तर ये, आक्का."

"कुणावर चाचणी करालायस? आईवर?"

"तिला आवडालंय ते. तूच बघ की, किती निवांत बसती आता."

"निवांत? आमटी करपली तरी उठली न्हाई ती! आईला कधी बघितलीयस तू अशी?"

"मग काय झालं?" आता त्याचाही आवाज चढला. "एक दिवस आमटी करपली तर काय घर जळालं? जन्मभर पळालीच की ती. आक्का, तू सकाळी जातीस ती दिवेलागणीला येतीस. आल्यावर पोरांच्या वह्या तपासतीस, न्हाईतर मंडळाच्या लोकांवर खेकसतीस. दिवसभर तिच्याशी बोलाय कोण हाय? तिला कुणाची तरी सोबत मिळाली तर तुझं काय जातंय?"

"तू येऊन बस की मग. दोन गल्ल्या तर हाईत."

"मी येतो तेव्हा तू असतीस," तो म्हणाला. "म्हणून येत न्हाई मी."

भांडणात माणसं पुष्कळ बोलतात आणि त्यातलं निम्मं खोटं असतं. हे खोटं नव्हतं. म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

"सभेत बघतो तुला," मी म्हटलं आणि निघाले.

घरी येऊन मी आईच्या फोनमधून गच्ची काढून टाकली. दुसऱ्या दिवशी ती परत आली होती. धैर्याने येऊन घालून दिली होती, मी नसताना.

*

मतं मोजायला गेले असते तर मी हरणार हे सरळ दिसत होतं. एकेकाला फोन करून बघितला. दातांची डॉक्टर म्हणाली, "वैजूताई, माझी मांजरं कुणी बघतच नाही हो." मुल्ला सर म्हणाले, "तत्त्व म्हणून तुमचं खरं आहे," आणि तत्त्व म्हणून खरं आहे असं म्हणणारा माणूस कधी आपल्या बाजूने हात वर करत नाही.

मग मी मंडळाचा जुना नियम पुढे काढला. मंडळाच्या नावाने जे काही बाहेर जाईल त्याचा आधी मुका डाव झाला पाहिजे. सोबतचा झाला नव्हता. मी विरोधक म्हणून नाव दिलं, धैर्या कैवारी झाला, आणि मुल्ला सर नेहमीप्रमाणे पंच. डावाचा निकाल तोच ठरावाचा निकाल, हे दोघांनीही मान्य केलं.

"खेळणारं कोण?" वार्षिक सभेच्या दिवशी सरांनी विचारलं.

"आई," मी म्हटलं.

हॉलमध्ये हशा झाला. कोल्हापुरात सगळ्यात आधी उठणारी बाई निवडली म्हणजे मी पक्की तयारी केली, असं त्यांना वाटलं. धैर्या हसला नाही, पण त्याच्या खांद्यांवरचा ताण गेलेला मला दिसला. आई आता उठत नाही हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं, मग मी तिलाच का निवडलं हे त्याच्या डोक्यात आलं नाही. मला डाव जिंकायचाच नव्हता. खाली सभेच्या जेवणाची पानं वाढली जातील, भूक लागेल, आणि तरी हौसाक्का उठणार नाही. हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघावं, एवढंच मला हवं होतं. बघितल्यावर माणसं लाजतील आणि पास झालेला ठरावही मागे घेतील, असा माझा हिशोब.

आईला साखरेचा त्रास आहे. जेवणाआधी अर्धा तास तिला इन्सुलिन द्यावं लागतं, आणि ते दिल्यावर जेवण चुकवून चालत नाही. खालून भाताचा वास यायला लागला होता. आचाऱ्याने झालंच म्हणून सांगितलं, तेव्हा मी आईला बाजूच्या खोलीत नेऊन इंजेक्शन दिलं, रोज देते तसं. देताना माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आहे.

मग तिला टेबलाशी बसवलं. मुल्ला सरांनी समोर डाव संपवायची पितळी घंटी ठेवली आणि बोट ओठांवर नेलं.

*

भिंतीवर दोन चित्रं होती. एकात आईचा अंगठा, वर्षानुवर्षं पापड लाटून चपटा झालेला. दुसऱ्यात आपटेने मोठ्या अभिमानाने लावलेली सोबतची रेघ. चाहूल लागली की रेघ उसळायची, खेळात काहीतरी व्हायचं, आणि रेघ परत खाली बसायची. आमचे लोक मान पुढे काढून बघत होते. पहिल्यांदाच त्यांना माणसाचं उठणं आणि न उठणं असं समोर दिसत होतं. रेघ उसळली, वाऱ्याची झुळूक आली, दोन पापड आपोआप उलटले, रेघ बसली. डॉक्टरने तोंडावर हात ठेवला. आपटे मंद हसत होता.

चहा निवायची वेळ केव्हाच होऊन गेली. खालून ताटांचा आवाज आला. आचारी जिन्यात येऊन उभा राहिला, सगळे गप्प बघून तसाच मागे फिरला. काही माणसं खुर्चीत चुळबुळ करायला लागली. मी धैर्याकडे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर आधी समाधान होतं, मग ते पातळ होत गेलं. त्याने आईकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. बघ, मी मनात म्हटलं. बघ आता नीट.

मग रेघ वर गेली आणि बसेना.

आपटेने पुढे वाकून बघितलं. रेघ एका उसळीवरून दुसऱ्या उसळीवर चढत होती. भिंतीवरचा अंगठा थरथरत होता, दाब हलका झाला होता, स्पर्श वाकडेतिकडे पडत होते. सोबतला वाटत होतं की ही बाई उठायला निघाली आहे. त्यामुळे गच्चीवर असं ऊन पडलं की तसं मी त्या खेळात कधी बघितलं नव्हतं. कावळे येता येता वळायला लागले. जळालेले पापड पांढरेशुभ्र झाले. जितका अंगठा थरथरे तितकं तिला मिळत होतं.

ते काय होतं हे त्या हॉलमध्ये फक्त मला कळलं. ती उठण्याची चाहूल नव्हती. तिची साखर उतरत होती. साखर उतरली की हात थरथरतात, घाम येतो, माणूस भांबावतो. यंत्राला अंगठ्याची थरथर कळत होती, तिच्यामागचं कारण कळत नव्हतं. तिचं शरीर मदत मागत होतं आणि सोबत तिला आणखी पापड देत होती.

मी बोलले तर सोबत पास. चित्रफिती जाणार, प्रत्येक खेळात ती बसणार, आणि असे अंगठे घरोघरी होणार. धैर्या बोलला तर सोबत बाद. मी त्याच्याकडे बघितलं. बोल, मी मनात म्हणत होते. तुझी आई आहे. तुझा खेळ आहे. तूच बोल. तो खुर्चीच्या कडेला आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि तोही तेच म्हणत असावा, कारण त्याच्या डोळ्यांत मला माझाच राग दिसला.

आईच्या कपाळावरून घाम ओघळला आणि टेबलावर पडला. तिने तो पुसला नाही.

मी आईकडे बघायला हवं होतं. मी भावाकडेच बघत राहिले.

"आई!" धैर्या ओरडला. खुर्ची मागे पाडून तो धावला. "आई, ऊठ! ऊठ की गं!"

त्याने फोन धरला तर तिने त्याच्या हातावर चापट मारली. "थांब," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "कावळा आलाय."

"इंजेक्शन दिलंय तिला, साखर आणा!" मी ओरडले. आता ओरडायला हरकत नव्हती. डॉक्टर आधीच जिन्याकडे पळाली होती. धैर्याने आईला पोटाशी धरलं, साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं, अर्धं त्याच्या शर्टावर सांडलं. मुल्ला सरांचा हात घंटीवर पडला. सवयीने पडला असावा, कारण ती वाजल्यावर ते स्वतःच दचकले.

कैवारी बोलला होता. सोबत बाद झाली. आपटेने आपली रेघ बंद केली आणि एकदाही "अगदी बरोबर" न म्हणता गाडीत जाऊन बसला. ठराव बारगळला. कुणीतरी माझ्याजवळ येऊन म्हणालं, "जिंकलात, वैजूताई." खाली जेवणं आटोपली. धैर्याने पाडलेली खुर्ची मोडली होती, ती मी तालमीच्या माणसाला दाखवून ठेवली.

*

धैर्याने अध्यक्षपद सोडलं. गच्चीमधून सोबत काढली, आणि मग गच्चीच काढून टाकली. माझ्याशी तो बोलत नाही. चित्रफितींचं कपाट कुलपात आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडे आहे. बाहेर सोबत आलीच. मुक्कामला दुसरीकडून कुठून तरी मिळालं असेल. मंडळाच्या कुठल्याही खेळात ती नाही, आणि म्हणून मंडळाचे खेळ कुणी खेळत नाही. तरी सभा होतात. खुर्च्या मीच मांडते.

आई दवाखान्यातून बरी होऊन घरी आली त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. आम्ही दोघी जेवत होतो. मी तिला आमटी वाढली, कशी झाली विचारलं. ताटात भात अर्धा होता. तिने ताटाभोवती पाणी फिरवलं, हात धुतले आणि उठली. आतून तिच्या कपाटाचा आवाज आला. मी गेले तर पलंगावर पिशवी उघडी होती आणि ती लुगड्यांच्या घड्या करून आत ठेवत होती, झरझर, पूर्वीसारखी. इतक्या महिन्यांनी मी तिचे हात असे चालताना बघत होते.

"कुठं निघालीस?"

"धैर्याकडं. ऱ्हायला जातो."

का, हे मी विचारलं नाही. आमच्यात ते विचारायचं काम पंचाचं असतं. पण आईने कधी कुणाच्या विचारण्याची वाट बघितली नव्हती. पिशवीचे बंद ओढून तिने गाठ मारली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"धैर्या बोलला," ती म्हणाली. "तू बी तितंच बसली हुतीस न्हवं?"

माझ्याकडे सांगायला पुष्कळ होतं. सोबतचं होतं, घरोघरच्या अंगठ्यांचं होतं, आणि तिच्यासाठीच सगळं केलं हेही होतं. पण आमच्याकडे नियम आहे. ज्याचा खेळ असतो त्याने उठणाऱ्याचं कारण ऐकून घ्यायचं, तोंड उघडायचं नाही.

मी दारातून बाजूला झाले. ती पिशवी घेऊन जिना उतरली.